लोकसभेत सत्ता कोणाची, हे ठरतं कसं? सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

लोकसभेचा निकाल जुना होतो, पण त्यावरचे प्रश्न येत राहतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं विचारतात, पूर्व भागातले यंत्रमाग कामगार विचारतात, निवृत्त शिक्षक पानभर पत्र लिहून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बराचसा गोंधळ एकाच समजुतीतून होतो: निकालाच्या संध्याकाळी आकडा लागला की पाच वर्षांचा निकाल लागला. हे खरं नाही, आणि मतदाराला हे नीट कळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. सभागृहातला आकडा सरकारला मुदतभर सांभाळावा लागतो. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बहुमत म्हणजे नेमके किती खासदार?

लोकसभेत निवडून येणाऱ्या जागा ५४३. निम्म्याहून एक तरी जास्त हवा, म्हणून २७२. पूर्वी अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य राष्ट्रपती नेमत असत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ५४५ हा आकडा दिसतो. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती तरतूद संपली. परीक्षा देणाऱ्यांनी जुनी गाइडं वापरताना एवढं लक्षात ठेवावं.

मात्र २७२ हा आकडा सगळ्या जागा भरलेल्या आणि सगळे खासदार हजर, असं धरून काढलेला आहे. प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांतलं बहुमत पुरतं. काही जागा रिकाम्या असतील, काही जण तटस्थ राहिले असतील, तर २७२ पेक्षा कमी मतांतही सरकार तरतं किंवा पडतं. उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

२. आम्ही पंतप्रधानाला मत दिलं. मग खासदारांची जुळवाजुळव कशाला?

मतदान यंत्रावर पंतप्रधानपदाचा उमेदवार नसतो. ७ मे २०२४ ला सोलापूरकरांनी बटण दाबलं ते सोलापूरच्या खासदारासाठी. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार असतं. 'लोकसभेला' हा शब्द अधोरेखित करून वाचा. सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकतं, आणि तो विश्वास आपण निवडून दिलेले ५४३ जण देतात किंवा काढून घेतात. प्रचारात चेहरा कोणाचाही असो, कायद्याने आपलं मत आधी आपल्या मतदारसंघातच मोजलं जातं.

३. सोलापूर जिल्ह्याचा खासदार एकच ना?

नाही. जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. सोलापूर मतदारसंघात शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. ही लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढा मतदारसंघात, सोबत सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण. बार्शीकर धाराशिवच्या खासदारासाठी मत देतात. बार्शीहून नेहमी येणारी 'आमच्या यादीत सोलापूरच्या उमेदवाराचं नावच नव्हतं' ही तक्रार याच कारणाने येते. यादीत चूक नसते.

२०२४ मध्ये सोलापुरातून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे, माढ्यातून राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्षाचे धैर्यशील मोहिते-पाटील आणि धाराशिवमधून शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे ओमराजे निंबाळकर निवडून आले. म्हणजे जिल्ह्याशी संबंधित तिन्ही जागा दिल्लीतल्या विरोधी बाकांवर गेल्या. त्याचा परिणाम काय, ते प्रश्न १२ मध्ये.

४. २०२४ ला भाजपला २४० च जागा मिळाल्या. मग सरकार त्यांचं कसं?

भाजपचं एकट्याचं बहुमत गेलं, आघाडीचं राहिलं. २०१४ मध्ये भाजपचे २८२ आणि २०१९ मध्ये ३०३ खासदार होते, तेव्हा मित्रपक्ष नसते तरी सरकार टिकलं असतं. २०२४ मध्ये २४० वर गाडी अडली आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडी मिळून २९३ झाले. २७२ च्या वर २१ जास्त.

हे २१ कुठून येतात ते पाहिलं की सत्तेचं गणित उलगडतं. तेलुगू देसमचे १६, संयुक्त जनता दलाचे १२. तेलुगू देसम एकटा बाहेर पडला तर २७७ उरतात, सरकार टिकतं. संयुक्त जनता दल एकटा गेला तर २८१, तरीही टिकतं. दोघे एकदम गेले तर २६५, आणि तिथे बहुमत जातं. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत चंद्राबाबू नायडू आणि नितीशकुमार यांची नावं जोडीनेच का येत होती, याचं कारण या वजाबाकीत आहे.

५. सर्वांत मोठ्या पक्षालाच आधी बोलवायचं, असा नियम आहे ना?

लेखी नियम नाही. प्रथा आहे, आणि ती प्रत्येक वेळी सारखी पाळली गेलेली नाही. राष्ट्रपतींनी एवढंच पाहायचं असतं की लोकसभेचा विश्वास कोणाला मिळू शकेल. एका पक्षाला किंवा निवडणुकीआधीच्या आघाडीला स्पष्ट बहुमत असेल तर प्रश्नच येत नाही. त्रिशंकू सभागृहात मात्र तीन वेगवेगळे नमुने सापडतात.

१९८९ मध्ये १९७ जागांसह काँग्रेस सर्वांत मोठी होती, पण राजीव गांधींनी सरकार बनवायला नकार दिला. १४३ जागांच्या जनता दलाचे विश्वनाथ प्रताप सिंह भाजप आणि डाव्यांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. एकाच सरकारला भाजप आणि कम्युनिस्ट दोघांचा टेकू, हे आजच्या तरुण वाचकाला खरं वाटत नाही. पण तसं घडलं.

१९९६ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांनी १६१ जागांच्या भाजपला, सर्वांत मोठा पक्ष म्हणून, बोलावलं. अटलबिहारी वाजपेयी १३ दिवसांत राजीनामा देऊन बाहेर पडले, कारण आकडा जुळला नाही. मग ४६ जागांच्या जनता दलाचे एच. डी. देवेगौडा संयुक्त आघाडीचे पंतप्रधान झाले आणि १४० जागांच्या काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला.

१९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९६ ची पुनरावृत्ती टाळली. त्यांनी वाजपेयींकडे आधी पाठिंब्याची पत्रं मागितली, ती पाहिली आणि मगच नेमणूक केली. माझ्या मते हा तिन्हींतला सर्वांत शहाणा मार्ग आहे. पाठिंबा कागदावर आला की दुसऱ्या दिवशी 'आम्ही असं म्हणालोच नव्हतो' असं कोणाला म्हणता येत नाही.

६. निकाल लागला आणि शपथ अजून व्हायची आहे, त्या मधल्या दिवसांत राज्य कोण करतं?

मावळतं सरकार, काळजीवाहू म्हणून. २०२४ मध्ये ४ जूनला निकाल लागला, ५ जूनला पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपतींनी त्यांना पुढची व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगितलं, ९ जूनला शपथविधी झाला. नवीन लोकसभा मात्र २४ जूनला पहिल्यांदा बसली. मधल्या पंधरवड्यात सरकार पूर्ण अधिकाराचं होतं. खासदारांनी तेवढी सदस्यत्वाची शपथ घ्यायची राहिली होती.

७. 'बहुमत सिद्ध करा' म्हणतात, म्हणजे सभागृहात प्रत्यक्ष काय होतं?

पंतप्रधान किंवा त्यांच्या वतीने कोणी विश्वासदर्शक ठराव मांडतो. चर्चा होते. मग अध्यक्ष आधी आवाजी मतदान घेतात, 'होय'वाले आणि 'नाही'वाले यांचा आवाज ऐकून कौल सांगतात. कोणी त्याला हरकत घेतली तर मतविभागणी. दालनाची दारं बंद होतात आणि प्रत्येक खासदार आपल्या जागेवरून बटण दाबतो: होयसाठी हिरवं, नाहीसाठी लाल, तटस्थ राहायचं तर पिवळं. आकडे फलकावर येतात. यंत्र चुकलं किंवा बटण नीट लागलं नाही तर चिठ्ठ्या भरून दुरुस्ती केली जाते.

१७ एप्रिल १९९९ चा दिवस यासाठी डोळ्यांसमोर ठेवावा. जयललितांच्या अण्णाद्रमुकने वाजपेयी सरकारचा पाठिंबा काढला. राष्ट्रपतींनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं. सरकारला वाटत होतं की बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील. मायावतींनी ऐन वेळी विरोधात मत द्यायला लावलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाचा आदेश मोडून सरकारविरुद्ध मत दिलं. आणि काँग्रेसचे गिरीधर गमांग, जे फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी सोडलेली नव्हती, दिल्लीत येऊन सरकारविरुद्ध मत देऊन गेले. अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी मत द्यायचं की नाही हे गमांग यांच्या विवेकबुद्धीवर सोडलं होतं. फलकावर आकडे आले: बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं.

त्या सभागृहात सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे होते, आणि विरोधी पक्षनेते शरद पवार, जे पुढे २००९ मध्ये माढ्यातून निवडून आले. 'आपल्या एका खासदाराने काय फरक पडतो' असं विचारणाऱ्यांना मी हा दिवस सांगतो. २६९ आणि २७० मिळून ५३९ होतात. म्हणजे २७२ ची गरजच पडली नाही.

दुसरी बाजूही आहे. २२ जुलै २००८ ला अणुकराराच्या वादात डाव्यांनी पाठिंबा काढल्यावर मनमोहन सिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ ने जिंकला आणि मुदत पूर्ण केली. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह १४२ विरुद्ध ३४६ ने, आणि एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडा १५८ विरुद्ध २९२ ने हरले.

८. अविश्वास प्रस्ताव आणि विश्वासदर्शक ठराव एकच का?

परिणाम एकच, आणणारा वेगळा. विश्वासदर्शक ठराव सरकार आणतं, अविश्वास प्रस्ताव विरोधक आणतात. अविश्वास प्रस्ताव दाखल व्हायला ५० खासदारांनी उभं राहून पाठिंबा द्यावा लागतो. त्यात कारण लिहायची सक्ती नाही.

पुष्कळदा आकडा नाही हे ठाऊक असूनही तो आणला जातो. जुलै २०१८ मध्ये तेलुगू देसमने आणलेला प्रस्ताव १२६ विरुद्ध ३२५ ने फेटाळला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर गौरव गोगोई यांनी आणलेला प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला. तरी त्यावर पंतप्रधानांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागलं, आणि विरोधकांना हवं होतं ते तेवढंच. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभारप्रदर्शक प्रस्ताव किंवा अर्थसंकल्प लोकसभेत हरला तरीही विश्वास गेला असंच मानतात.

९. सरकार पडलं की निवडणूक लागणारच ना?

नाही. त्याच लोकसभेतून दुसरं सरकार उभं राहू शकतं. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह गेले आणि साठेक खासदारांचा गट असलेले चंद्रशेखर काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. १९९७ मध्ये देवेगौडा गेले, इंद्रकुमार गुजराल आले. १९९९ मध्ये मात्र पर्यायी सरकारसाठी काँग्रेसला आकडा जमवता आला नाही आणि देश पुन्हा मतदानाला गेला. चरणसिंह यांचं उदाहरण वेगळं आहे: जुलै १९७९ मध्ये शपथ घेतली, आणि लोकसभेला सामोरं जाण्याआधीच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

१०. लोकसभा अध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण कशासाठी? ते तर तटस्थ पद आहे.

तटस्थ असावं अशी अपेक्षा आहे, आणि अधिकार मोठे आहेत. एखादं विधेयक धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाच्या बाबींचं, आहे की नाही याचा अंतिम निर्णय अध्यक्षांचा. पक्षांतरबंदीखाली खासदार अपात्र ठरतो का, हेही तेच ठरवतात. बोलायला वेळ कोणाला, ठरलेलं काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा कोणता स्थगन प्रस्ताव घ्यायचा, हे त्यांच्याच हातात. आघाडी काठावरची असेल तेव्हा हे पद एखाद्या महत्त्वाच्या खात्याइतकंच मोलाचं ठरतं.

म्हणूनच आघाडीच्या काळात ते मित्रपक्षाकडे गेलेलं दिसतं: बालयोगी तेलुगू देसमचे होते, २००२ ते २००४ या काळात अध्यक्ष असलेले मनोहर जोशी शिवसेनेचे. २०२४ मध्ये भाजपने ते स्वतःकडे ठेवलं. विरोधकांनी के. सुरेश यांना उभं केलं होतं, पण मतविभागणी झाली नाही आणि २६ जूनला ओम बिर्ला आवाजी मतदानाने निवडले गेले. त्याआधी खासदारांना शपथ देण्यासाठी भर्तृहरी महताब हंगामी अध्यक्ष होते.

उपाध्यक्षपदाबद्दल मला एक खंत मांडायची आहे. राज्यघटनेचा ९३ वा अनुच्छेद म्हणतो की सभागृहाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडावेत. १७ व्या लोकसभेने पूर्ण मुदतीत उपाध्यक्ष निवडलाच नाही. हे पद विरोधकांना देण्याची परंपरा होती, आणि ते रिकामं ठेवणं चांगल्या प्रथेला धरून नाही.

११. विरोधी पक्षनेता दहा वर्षं नव्हता, २०२४ ला कसा आला?

सभागृहाच्या एकूण संख्येच्या किमान दहावा हिस्सा, म्हणजे ५५ खासदार, असलेल्या सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला मान्यता द्यायची, ही प्रथा पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आली. काँग्रेसचे २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ खासदार होते, म्हणून पद रिकामं राहिलं. २०२४ मध्ये ९९ आले आणि राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले. विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांच्या १९७७ च्या कायद्यात दहा टक्क्यांची अट लिहिलेली नाही, त्यामुळे या प्रथेवर वाद होतोच.

विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो आणि मुख्य निवडणूक आयुक्त, केंद्रीय दक्षता आयुक्त, लोकपाल, सीबीआय संचालक अशा नेमणुकांच्या समितीत जागा असते. यशवंतराव चव्हाण यांनीही १९७७ च्या काँग्रेसच्या पराभवानंतर हे पद सांभाळलं होतं.

१२. आपला खासदार विरोधी पक्षाचा. मग सोलापूरचं मत वाया गेलं का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा काळजी असते, म्हणून थोडं सविस्तर.

सोलापूर दिल्लीच्या सोबतही राहिलं आहे आणि विरोधातही. २००४ मध्ये इथून भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले, तेव्हा दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार आलं. २००९ मध्ये सुशीलकुमार शिंदे आणि काँग्रेस सरकार, २०१४ ला शरद बनसोडे आणि २०१९ ला जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी, दोन्ही वेळा भाजप इथेही आणि तिथेही. २०२४ मध्ये पुन्हा उलट.

मंत्रिपद, खात्याचा निधी, एखाद्या गाडीला थांबा, यात सत्ताधारी खासदाराचं वजन जास्त पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विरोधी खासदाराकडे काय असतं तेही मोजा. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पक्ष कोणताही असो. प्रश्नोत्तराचा तास, जिथे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि पुरवणी प्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं. आणि स्थायी समित्या. सोलापूरकरांनी यातली एक समिती नावानिशी लक्षात ठेवावी: श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास. चादर-टॉवेलचा धंदा आणि विडी कामगार, शहराचे दोन्ही जुने प्रश्न या एकाच समितीच्या टेबलावर येतात. तिथे सर्व पक्षांचे सदस्य असतात आणि अधिकाऱ्यांना बोलावून विचारता येतं. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधकांकडेच देण्याची प्रथा आहे.

म्हणून खासदार भेटले की 'तुम्ही सत्तेत नाही, काय करणार' असं म्हणून विषय सोडू नका. या अधिवेशनात यंत्रमागावर किती प्रश्न विचारले, हे विचारा. त्याचं उत्तर लोकसभेच्या नोंदीत कोणालाही तपासता येतं.

१३. महाराष्ट्रात पक्ष फुटले तसे लोकसभेत खासदार फुटले तर सरकार बदलेल का?

दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने, हे अवघड केलं आहे. खासदाराने स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मत दिलं, अगदी गैरहजर राहिला तरी, त्याची खासदारकी जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचतो. पूर्वी एक तृतीयांश सदस्यांनी वेगळं होण्याला 'फूट' म्हणून संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढलं. आता दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने विलीनीकरण, एवढीच वाट.

प्रत्यक्षात निर्णय अध्यक्षांकडे असतो (प्रश्न १०) आणि त्यासाठी कालमर्यादा लिहिलेली नाही, हा कायद्याचा सर्वांत कच्चा दुवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहन निकालात अध्यक्षांचा अधिकार मान्य केला, पण त्यांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते असंही सांगितलं. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या १२ खासदारांनी वेगळा गटनेता मागितला आणि अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना मान्यता दिली, हे लोकसभेतलं आपल्याला जवळचं उदाहरण. केंद्र सरकारच्या स्थैर्यावर त्याने फरक पडला नाही, कारण भाजपकडे तेव्हा एकट्याचं बहुमत होतं.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, हा अपवाद परीक्षेत हमखास विचारतात.

१४. अपक्ष खासदार कोणत्या बाजूला धरायचा?

ज्या बाजूला तो मत देईल त्या. पाठिंबा देता येतो, पक्षात प्रवेश करता येत नाही. केला तर अपात्र. शेजारच्या सांगलीतून २०२४ मध्ये अपक्ष निवडून आलेले विशाल पाटील यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला, तो या चौकटीत.

१५. लोकसभेत बहुमत आहे, म्हणजे कोणताही कायदा करता येतो का?

साधा कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो, आणि राज्यसभा सरकारच्या हातात असेलच असं नाही. तिथे २४५ जागा आहेत, महाराष्ट्राच्या १९, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. लोकसभेत लाट आली तरी राज्यसभेचा रंग राज्यांच्या विधानसभांतून सावकाश बदलतो. पैशाच्या बाबतीत मात्र लोकसभा वरचढ: धन विधेयक राज्यसभेने १४ दिवसांत परत करायचं असतं, तिच्या सूचना मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहं अडली तर संयुक्त बैठक बोलावता येते. विधेयकांसाठी ती आजवर १९६१ (हुंडाबंदी), १९७८ (बँक सेवा आयोग) आणि २००२ (पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा) अशी तीनदाच झाली.

१६. आणि घटना बदलायची असेल तर?

दोन अटी एकदम: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, म्हणजे लोकसभेत २७२, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. सगळे ५४३ हजर असतील तर ३६२. हे प्रत्येक सभागृहात वेगळं मिळवावं लागतं आणि इथे संयुक्त बैठक चालत नाही. संघराज्याशी संबंधित काही तरतुदींना वर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमतीही लागते.

विधेयक मांडायला मात्र साधं बहुमत पुरतं, आणि इथे गोंधळ होतो. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयक २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडलं गेलं. 'मंजूर झालं' असे निरोप त्या संध्याकाळी पुष्कळ फिरले. ते चूक होतं. त्या दिवशी मत देणाऱ्या ४६७ जणांचे दोन तृतीयांश ३१२ होतात. मंजुरीची वेळ असती तर २६९ अपुरे पडले असते. सर्वांना पटलेलं असलं की काय होतं, याचं उदाहरण सप्टेंबर २०२३ चं महिला आरक्षण विधेयक: लोकसभेत ४५४ विरुद्ध २.

१७. पंतप्रधान राज्यसभेचे असले तर लोकसभेत सरकारची बाजू कोण सांभाळतं?

सभागृह नेता. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य होते, म्हणून लोकसभेत हे पद दुसऱ्याकडे असे: २०१२ पासून २०१४ पर्यंत ते सोलापूरचे खासदार आणि तेव्हाचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे होतं. मंत्री किंवा पंतप्रधान कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसला तरी सहा महिने पदावर राहू शकतो. अविश्वासाचं मतदान मात्र फक्त लोकसभेत होतं.

१८. आमदार खासदार झाला, किंवा खासदार मुख्यमंत्री, तर दोन्ही पदं ठेवता येतात का?

आमदारकी आणि खासदारकी एकत्र ठेवता येत नाही. विधिमंडळाचं सदस्यत्व १४ दिवसांत सोडलं नाही तर लोकसभेची जागा जाते. प्रणिती शिंदे शहर मध्यच्या आमदार होत्या, लोकसभा जिंकल्यावर त्यांनी आमदारकी सोडली.

मुख्यमंत्री झालेल्या खासदाराला मात्र लगेच आमदार व्हावं लागत नाही, सहा महिन्यांची सवलत असते. तेवढे दिवस तो खासदारही राहू शकतो. गमांग यांनी १९९९ मध्ये मत दिलं ते याच फटीतून. सुशीलकुमार शिंदे जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले, दक्षिण सोलापुरातून विधानसभेवर गेले, लोकसभेची जागा सोडली आणि त्या पोटनिवडणुकीत भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून आले. म्हणजे एका पदबदलामुळे लोकसभेतलं सोलापूरचं मत विरोधी बाकांवरून सत्ताधारी बाकांवर गेलं.

१९. दोन्ही बाजूंना समान मतं पडली तर?

राज्यघटनेच्या १०० व्या अनुच्छेदानुसार अध्यक्ष एरवी मत देत नाहीत; समान मतं पडली तरच त्यांना निर्णायक मत असतं. १९९९ मध्ये गमांग यांनी मत दिलं नसतं तर २६९ विरुद्ध २६९ झालं असतं आणि निर्णय बालयोगी यांच्याकडे गेला असता. त्यांचा तेलुगू देसम तेव्हा सरकारला बाहेरून पाठिंबा देत होता.